दादासाहेब फाळके आणि पांढरी चादर: एक्स्टर्नल फ्लॅश घेण्याआधी वाचावी अशी गोष्ट

लासलगावच्या कांदा मार्केटमध्ये दुपारी बारा वाजता कॅमेरा घेऊन उभे राहा. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा, लिलाव पुकारणारा माणूस, त्याच्याभोवती व्यापाऱ्यांचा घोळका, ट्रॉलीवर उभा राहून भावाकडे कान लावलेला शेतकरी. फ्रेम एकदम भारी. पण फोटो काढून स्क्रीनवर बघितला की सगळा मूड जातो. कांदे झकास आलेत, आभाळ पांढरंफटक पडलंय आणि टोपीखालचा चेहरा काळाठिक्कर.

त्याच दिवशी संध्याकाळी चुलतभावाची हळद असते. तिथे प्रॉब्लेम उलटा. उजेड कमी, फोटो हललेले. कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश उघडला तर चेहरे पांढरे, डोळे लाल आणि मागे भिंतीवर भुतासारखी सावली.

मग डोक्यात एकच विचार येतो: एक्स्टर्नल फ्लॅश घ्यायचा. सर्च केलं की पन्नास मॉडेल समोर येतात. टीटीएल, एचएसएस, गाइड नंबर, ट्रिगर असले शब्द अंगावर येतात. साठवलेले पैसे कुठे घालायचे ते कळत नाही.

आज आपण मॉडेलच्या यादीपासून सुरुवात करणार नाही. आपल्याच नाशिक जिल्ह्यात जन्मलेल्या एका माणसाच्या आयुष्यापासून करू. सध्याच्या अर्थाने फ्लॅश म्हणतात तो त्याच्याकडे नव्हता. पण उजेड कुठून येतो, कुठे पडतो आणि कुठे कमी पडतो, हे ओळखण्यात त्याचं आयुष्य गेलं. त्याचं नाव धुंडिराज गोविंद फाळके. आपण त्यांना दादासाहेब फाळके म्हणून ओळखतो.

त्र्यंबकेश्वरचा मुलगा

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. वडील संस्कृतचे पंडित. पुढे वडिलांना मुंबईत शिकवण्याची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आलं. १८८५ मध्ये धुंडिराज सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला लागले. नंतर बडोद्याला गेले आणि तिथल्या कलाभवनात ऑइल पेंटिंग, वॉटरकलर शिकले. मॉडेलिंग आणि वास्तुकलेचीही ओळख करून घेतली. १८९० च्या सुमारास त्यांच्या हातात कॅमेरा आला.

लक्षात घ्या, आधी चित्रकला आणि मग कॅमेरा. चित्रकार चेहरा रंगवतो तेव्हा उजेड डावीकडून येतोय की उजवीकडून, हे त्याला आधी ठरवावं लागतं. नाकाची सावली कुठे पडणार, गालाचा कोणता भाग उजळ राहणार, सगळं हाताने काढायचं असतं. कॅमेऱ्यात हे आपोआप होतं, म्हणून आपण तिकडे बघतच नाही.

कलाभवनाचे प्राचार्य गज्जर यांनी या हुशार विद्यार्थ्याला हेरलं. त्यांनी फाळक्यांना रतलामला पाठवून ब्लॉक बनवणं, फोटो-लिथो आणि डार्करूमचं काम शिकायची संधी दिली. परत आल्यावर कलाभवनाचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा वापरायला दिली. आजच्या भाषेत सांगायचं तर कॅमेरा, एडिटिंग आणि प्रिंटिंग ही तिन्ही कामं फाळके पंचविशीच्या आत शिकले होते.

गोध्रा, प्लेग आणि एक अफवा

१८९५ मध्ये फाळक्यांनी फोटोग्राफीचा धंदा करायचं ठरवलं आणि ते गोध्र्याला गेले. तिथे प्लेगची साथ आली. त्यात त्यांची पहिली पत्नी आणि मूल दोघंही गेले. फाळके बडोद्याला परत आले आणि तिथे पुन्हा स्टुडिओ उघडला. पण गावात अफवा पसरली की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस लवकर मरतो. गिऱ्हाईक येईना. धंदा बसला. मग ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायला लागले. बडोद्याला आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि प्रोफेसर केल्फा या नावाने जादूचे प्रयोगही केले. फाळके उलटं वाचलं की केल्फा!

त्या काळातला फोटो स्टुडिओ कसा असायचा? मोठी खिडकी किंवा काचेचं छत. उजेड दिवसाचा. माणसाला खिडकीजवळ बसवायचं आणि दुसऱ्या बाजूला पांढरं कापड किंवा पांढरा फळा धरायचा. कृत्रिम उजेड हवा असेल तर मॅग्नेशियमची फ्लॅश पावडर होती. ती १८८७ मध्ये जर्मनीत निघाली. पावडर पेटवली की भक्कन उजेड व्हायचा, खोलीभर धूर व्हायचा आणि कधी हातही भाजायचा. काचेचे फ्लॅश बल्ब त्यानंतर चाळीसेक वर्षांनी, १९३० च्या आसपास बाजारात आले. आज आपण वापरतो त्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशला मोठं वळण दिलं ते अमेरिकेतल्या हॅरॉल्ड एजर्टन यांच्या १९३० च्या दशकातल्या कामाने.

इथे फ्लॅश निवडण्याचा पहिला नियम सापडतो. उजेडाचा स्रोत जितका मोठा आणि जवळ, तितकी सावली मऊ. खिडकी मोठी असते, म्हणून खिडकीतला चेहरा छान दिसतो. फ्लॅशचं तोंड काडेपेटीपेक्षा थोडंच मोठं, म्हणून सावली कडक. यावर साधा उपाय म्हणजे फ्लॅशचं तोंड माणसाकडे न करता पांढऱ्या छताकडे किंवा भिंतीकडे करायचं. मग ते छतच मोठी खिडकी बनतं. याला बाउन्स म्हणतात.

म्हणून ज्या फ्लॅशचं डोकं वर आणि दोन्ही बाजूंना फिरत नाही, तो कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. फक्त वर होणारंही पुरत नाही. कॅमेरा उभा धरून फोटो काढला की तेच डोकं छताऐवजी बाजूला तोंड करतं. अशा वेळी डोकं बाजूला वळलं तरच ते पुन्हा छताकडे करता येतं.

नोकरी, छापखाना आणि पुन्हा सुरुवात

१९०२ मध्ये फाळक्यांचं दुसरं लग्न झालं. पत्नीचं नाव सरस्वतीबाई. हे नाव लक्षात ठेवा, आपली पांढरी चादर त्यांच्याच हातात आहे. १९०३ मध्ये फाळके पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफर म्हणून लागले. सरकारी नोकरी, पक्का पगार. पण मन रमलं नाही. तीनेक वर्षांत नोकरी सोडली आणि लोणावळ्याला छापखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या प्रेससाठी फोटो-लिथोचं काम केलं. नंतर छापखाना दादरला आला. रंगीत छपाईची यंत्रं आणायला १९०९ मध्ये ते जर्मनीलाही जाऊन आले. धंदा चांगला चालू असताना भागीदाराशी पटेना, म्हणून तोही सोडला.

चाळिशीत आलेला माणूस. घरात बायको-मुलं. हातात धंदा नाही. अशात १९११ च्या एप्रिलमध्ये ते गिरगावात सिनेमा बघायला गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तेव्हा पडद्यावर येशूचं चरित्र चालू होतं. ते बघताना आपल्या पुराणातल्या गोष्टी पडद्यावर आणायच्या, हे त्यांच्या मनाने घेतलं.

पुढचे काही महिने त्यांनी मिळेल तो सिनेमा बघितला, मिळेल ते कॅटलॉग आणि पुस्तक वाचलं, घरी मेणबत्तीच्या उजेडात भिंगाने प्रयोग केले. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि चष्म्यांनी नजर परत आली. ज्याचं सगळं काम डोळ्यांवर चालायचं, त्याची दृष्टीच जायची वेळ आली होती.

पन्नास पौंडांचा कॅमेरा

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, म्हणजे जुगाड करा आणि महागडं सामान घेऊच नका, असंच ना? नाही. फाळके जुगाडू होते, पण कंजूस नव्हते. त्यांनी आयुर्विम्याची पॉलिसी गहाण ठेवून पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठलं. तिथे बायोस्कोप या सिनेमाच्या साप्ताहिकाच्या संपादकाला भेटले. त्यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ या मोठ्या निर्मात्याचा स्टुडिओ आतून बघितला. कोणता कॅमेरा घ्यायचा हे विचारलं, प्रत्यक्ष काम बघितलं आणि मगच विल्यमसन कंपनीच्या कॅमेऱ्याची ऑर्डर दिली. किंमत पन्नास पौंड, म्हणजे त्या काळात भलीमोठी रक्कम. त्याच्यासोबत कोडॅकची कच्ची फिल्म आणि फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं यंत्र. १ एप्रिल १९१२ ला ते परत मुंबईत होते.

खर्चाचा क्रम बघा. ज्या वस्तूला पर्याय नाही, तिथे त्यांनी पॉलिसी गहाण ठेवली. सिनेमाच्या कॅमेऱ्याला पर्याय नव्हता. उजेडाला होता, कारण ऊन फुकट होतं.

अजून एक गोष्ट इथेच सांगतो. सिनेमाच्या कॅमेऱ्यात सेकंदाला अनेक फ्रेम जातात. क्षणभर चमकणारा फ्लॅश तिथे कामाचा नाही. सतत उजेड लागतो. तुम्हाला मुख्यतः रील्स आणि व्हिडिओ करायचे असतील तर तुमचा प्रश्न फाळक्यांसारखाच आहे. तुम्हाला फ्लॅश नको, एलईडी लाइट हवा. आणि फक्त फोनवर फोटो काढत असाल, तर कॅमेऱ्याचा हा फ्लॅश फोनला जोडून उपयोग नाही. त्याचा झटका सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहून छोटा असतो, तर फोनचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो. दोघांचा मेळ बसत नाही. फोनवाल्यांनीही एलईडीच बघावा.

वाटाण्याचं रोप आणि मॅन्युअल मोड

कॅमेरा आला, पण पिक्चरला पैसा कोण देणार? फाळक्यांनी एक युक्ती केली. कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर पक्का बसवला. रोज एक फ्रेम घेत गेले. महिन्याहून जास्त दिवसांचं काम पडद्यावर मिनिटभरात दिसलं. बी फुटतंय, कोंब वर येतोय, वेल चढतोय. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ही छोटी फिल्म ओळखली जाते. ती बघून माणसांचा विश्वास बसला आणि पैसे उभे राहिले.

आज हेच आपण फोनवर टाइमलॅप्स म्हणून करतो. कुणी हे केलं असेल तर एक गोष्ट नक्की जाणवली असेल. कॅमेरा ऑटोवर असला की प्रत्येक फ्रेमचा उजेड थोडा वेगळा येतो आणि व्हिडिओ लुकलुकतो. सेटिंग एकदा ठरवून लॉक करावी लागते.

फ्लॅशमध्येही असाच फरक आहे. टीटीएल म्हणजे ऑटो. कॅमेरा आधी एक बारीक चमक सोडतो, समोरून किती उजेड परत आला ते मोजतो आणि फ्लॅशची ताकद ठरवतो. मॅन्युअल म्हणजे ताकद तुम्ही ठरवायची: पूर्ण, अर्धी, पाव, एक अष्टमांश.

हळदीत सगळे इकडून तिकडे पळतायत, अंतर सारखं बदलतंय, तिथे टीटीएल सोयीचं. पण शेतकरी एका जागी उभा आहे, किंवा घरी टेबलावर कांद्याच्या रोपाचा फोटो घ्यायचाय, तिथे मॅन्युअल बरं. एकदा जमलं की दहाच्या दहा फोटो सारखे येतात. बजेट कमी असेल आणि शिकायची तयारी असेल तर फक्त मॅन्युअल चालणारा फ्लॅश घेऊन सुरुवात करायला काहीच हरकत नाही. लग्नाच्या ऑर्डर घ्यायच्या असतील तर मात्र टीटीएलवर पैसे घाला.

सरस्वतीबाईंच्या हातातली चादर

आता येऊ ‘राजा हरिश्चंद्र’वर. भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट म्हणून तो ओळखला जातो. दादरच्या बंगल्यात आणि आवारात सेट उभे राहिले. काम करायला बाई मिळेना, तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी तारामती केली. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके आणि रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. शूटिंग सहा महिने आणि काही दिवस चाललं. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन थिएटरमध्ये पिक्चर लागला आणि चालला.

हे सगळं सूर्याच्या उजेडात झालं. तेव्हाची फिल्म आजच्या सेन्सरच्या मानाने फार मंद होती. तिला भरपूर उजेड लागायचा. त्यात ती लाल रंगाला जवळपास आंधळी होती, लाल वस्तू काळी दिसायची. म्हणजे शूटिंग भर उन्हातच करायचं. आणि भर उन्हात काय होतं, ते आपण लासलगावच्या मार्केटमध्ये बघितलंच. डोळ्यांच्या खोबणीत आणि मुकुटाखाली काळोख.

इथे सरस्वतीबाई पुढे येतात. शूटिंगच्या वेळी त्या तासन् तास पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या. उन्हाचा उजेड चादरीवर पडायचा आणि परतून नटांच्या चेहऱ्यावर जायचा. काळोख भरून निघायचा. एवढंच त्यांचं काम नव्हतं. रात्री अंधारात कच्च्या फिल्मला भोकं पाडणं, फिल्म धुण्याची रसायनं तयार करणं, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, हे सगळं त्यांच्याकडे होतं. पैशांची अडचण आली तेव्हा दागिनेही त्यांनीच दिले. आज पिक्चरच्या शेवटी लाइटमनपासून लॅबपर्यंत शंभर नावं सरकतात. त्यातली कितीतरी कामं तेव्हा ही एकटी बाई करत होती.

तांत्रिक भाषेत चादरीच्या या कामाला फिल म्हणतात. मुख्य उजेड सूर्याचा, आणि सावली हलकी करायला दुसरा, जरा कमी उजेड. तुमचा फ्लॅश दुपारच्या मार्केटमध्ये हेच काम करणार आहे. मग थेट प्रश्न असा: चादरीवर भागत असेल तर फ्लॅश कशाला?

चादरीला दोन अडचणी आहेत. धरायला माणूस लागतो, आणि लिलावाच्या गर्दीत कुणी चादर धरून उभं राहू देणार नाही. तिथे फ्लॅशच हवा. पण उन्हाशी सामना करायला फ्लॅशमध्ये दम लागतो. तो किती, ते गणिताने बघू.

फ्लॅशची ताकद गाइड नंबरने सांगतात. गाइड नंबरला अपर्चरने भागलं की आयएसओ १०० ला उजेड किती मीटर पोचेल ते कळतं. समजा गाइड नंबर ३६ आहे. एफ/४ ला उजेड ९ मीटर जाईल, एफ/८ ला साडेचार मीटर. आयएसओ ४०० केला तर हेच अंतर दुप्पट होतं.

आता कडक ऊन. बऱ्याच कॅमेऱ्यांत फ्लॅश लावल्यावर शटर साधारण १/२०० च्या पुढे नेता येत नाही. या मर्यादेला सिंक स्पीड म्हणतात. तिच्या पुढे गेलात तर फोटोत काळा पट्टा येतो, कारण शटर पूर्ण सेन्सर एकाच वेळी उघडतच नाही. आयएसओ १००, शटर १/२०० आणि भर ऊन, म्हणजे अपर्चर साधारण एफ/११ ठेवावं लागतं. ३६ भागिले ११, म्हणजे जेमतेम सव्वातीन मीटर. फ्लॅश पूर्ण ताकदीने मारला तरी एवढंच. सावली नुसती हलकी करायची असेल तर थोडं लांबूनही जमतं, पण शेतकऱ्याच्या जवळ जावंच लागेल.

मागचं सगळं धूसर करायला अपर्चर एफ/२.८ हवं असेल तर शटर खूप वेगवान लागतं. त्यासाठी फ्लॅशमध्ये एचएसएस, म्हणजे हाय स्पीड सिंक असावं लागतं. यात फ्लॅश एकच झटका न देता भराभर बारीक चमका मारत राहतो, त्यामुळे काळा पट्टा येत नाही. पण ताकद निम्म्याहून बरीच कमी होते. म्हणून दुपारी बाहेर पोर्ट्रेट काढणाऱ्याला एचएसएस आणि मोठा गाइड नंबर दोन्ही लागतात. फक्त घरात आणि हॉलमध्ये फोटो काढणाऱ्याला एचएसएस नसला तरी फारसं अडत नाही.

एक सावधगिरी. बॉक्सवर गाइड नंबर ६० लिहिलेला असतो, पण तो बऱ्याचदा फ्लॅशचं डोकं पूर्ण झूम करून मोजलेला असतो. तेव्हा उजेड टॉर्चसारखा अरुंद झोतात जातो. वाइड लेन्सला तोच फ्लॅश बराच कमी पडतो. दोन फ्लॅशची तुलना करायची असेल तर एकाच झूमचे आकडे बघा.

नाशिक आणि पडद्यावरची जादू

पहिल्या यशानंतर १९१३ मध्येच फाळक्यांनी आपलं बिऱ्हाड आणि कंपनी नाशिकला हलवली. घाट, देवळं, नदी आणि मोकळं ऊन, पौराणिक चित्रपटाला लागणारं सगळं तिथे तयार होतं. ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला यांनी भूमिका केल्या आणि पडद्यावर स्त्रिया दिसू लागल्या. १९१७ मध्ये ‘लंकादहन’ आला. त्यात राम आणि सीता दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली.

त्यांच्या पिक्चरमध्ये देव अचानक प्रकट व्हायचे, माणूस गायब व्हायचा. जुनी जादूगिरी इथे कामाला आली. ट्रिक फोटोग्राफीची एक पद्धत अशी: फ्रेमचा एक भाग काळा ठेवून शूट करायचं, फिल्म मागे फिरवायची आणि त्या काळ्या जागी दुसरं दृश्य घ्यायचं. जिथे उजेड पडला नाही, तिथे फिल्म कोरीच राहते. उजेड कुठे पाडायचा याइतकंच कुठे पाडायचा नाही, हेही ठरवावं लागतं.

हा प्रयोग घरी करून बघा. खोली पूर्ण अंधारी करा, कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, शटर दहा सेकंद उघडं ठेवा. फ्लॅश हातात घेऊन त्याच्या टेस्ट बटणाने मित्रावर एकदा मारा, मित्राला सरकवा, पुन्हा मारा. एकाच फोटोत दोन मित्र दिसतील. अॅपची गरज नाही.

या प्रयोगात अजून एक गोष्ट कळते. फ्लॅश कॅमेऱ्यावरच बसवला पाहिजे असं नाही. फ्लॅश बाजूला ठेवला की चेहऱ्याला उठाव येतो. सरस्वतीबाईंची चादरही कॅमेऱ्याच्या कपाळाला बांधलेली नव्हती! यासाठी वायरलेस ट्रिगर लागतो. काही फ्लॅशमध्ये रिसीव्हर आतच असतो, त्यामुळे नंतर फक्त ट्रिगर घ्यावा लागतो. दोन फ्लॅशच्या किमती जवळपास असतील तर आत रिसीव्हर असलेला घ्या.

बोलपट आला आणि

१९१८ मध्ये भागीदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी सुरू झाली. पैसा आला, पण हिशेब आणि कामाच्या पद्धतीवरून खटके उडायला लागले. फाळके सगळं सोडून काशीला गेले, तिथे ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं, पुन्हा परत आले. तोवर काळ बदलत होता. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि पिक्चर बोलायला लागले. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला होता, त्याला नंतर आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ केला. तोच त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट.

बोलपटाने उजेडाचंही गणित बदललं. मोकळ्या आवारात आवाज नीट टिपता येईना, म्हणून काम बंद स्टुडिओत गेलं आणि सूर्याची जागा विजेच्या दिव्यांनी घेतली. फाळके ज्या उन्हाचे उस्ताद होते, ते ऊनच धंद्यातून बाहेर पडलं.

शेवटची वर्षं त्यांनी नाशिकमध्ये काढली. पैसा उरला नव्हता आणि लोक त्यांना विसरत चालले होते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकलाच त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाचा पुरस्कार सरकारने सुरू केला तो १९६९ मध्ये, पंचवीस वर्षांनी. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. सरस्वतीबाईंच्या नावाने असं काही सहज आठवत नाही.

आता फ्लॅश घेताना

वरच्या सगळ्याचा हिशेब एकत्र मांडू.

१. आधी आठवडाभर चादर वापरा. पांढरी चादर किंवा थर्माकोलचा पांढरा तुकडा घ्या आणि घरच्यांचे फोटो काढा. खिडकीजवळ काढा, अंगणात काढा. कुठे भागतं आणि कुठे नाही, ते लिहून ठेवा. जिथे भागत नाही, तेच तुमच्या फ्लॅशचं काम.

२. हॉलमधले कार्यक्रम हे मुख्य काम असेल तर टीटीएल आणि फिरणारं डोकं बघा. एका ओळखीच्या अडचणीची तयारी ठेवा: मांडवाचं छत गुलाबी किंवा पिवळ्या कापडाचं असतं. तिथे बाउन्स केलं की चेहरेही गुलाबी-पिवळे होतात. अशा ठिकाणी फ्लॅश स्टँडवर लावून पांढऱ्या छत्रीतून मारा.

३. दुपारचं मार्केट, शेत, बाहेरचे पोर्ट्रेट हे काम असेल तर मोठा गाइड नंबर आणि एचएसएस.

४. टेबलावरच्या वस्तू, फुलं, प्रयोग एवढंच असेल तर साधा मॅन्युअल फ्लॅश आणि ट्रिगर पुरेसा.

५. कॅमेऱ्याशी जुळतो का ते बघा. एकाच मॉडेलचे कॅनन, निकॉन, सोनीसाठी वेगवेगळे प्रकार येतात. सोनीचा शू वेगळा आहे. कॅननच्या काही स्वस्त कॅमेऱ्यांच्या हॉट शूमध्ये मधला पिनच नसतो, त्यामुळे साधे मॅन्युअल फ्लॅश आणि काही ट्रिगर त्यावर चालत नाहीत. दुकानात आपला कॅमेरा घेऊन जा आणि लावून बघा.

६. पूर्ण ताकदीने मारल्यावर फ्लॅश पुन्हा तयार व्हायला किती सेकंद घेतो ते मोजा. याला रिसायकल टाइम म्हणतात. एए सेलवाले फ्लॅश सावकाश भरतात, लिथियम बॅटरीवाले लवकर. वरमाला पडायची वेळ थांबत नाही! एए वापरणार असाल तर चांगले रिचार्जेबल सेल आणि चार्जर यांचा खर्च आधीच धरा.

७. जुना सेकंड हँड फ्लॅश मिळाला तर थेट डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. फिल्मच्या जमान्यातल्या काही फ्लॅशचं ट्रिगर व्होल्टेज इतकं जास्त असतं की नव्या कॅमेऱ्याचं सर्किट जळू शकतं. आधी जाणकाराकडून मोजून घ्या.

या यादीत कोणताही एकच फ्लॅश सर्वांत भारी म्हणून दिलेला नाही, कारण तुमची चादर कुठे कमी पडते, ते आम्हाला इथून दिसत नाही. ते तुम्हालाच बघायचंय.

मग या रविवारी घरातली एक पांढरी चादर काढा. आई, बहीण, मित्र, कुणी धरायला तयार असेल त्याच्या हातात द्या आणि दुपारच्या उन्हात एक चेहरा टिपून बघा. फोटो चांगला आला तर चादर धरणाऱ्याचं नावही फोटोखाली लिहा.